काटा चारावर

सांडू मिस्त्रीच्या जिभेला हाड नाही, हे कादराबादेपासून स्टेशनापर्यंत अख्ख्या जालन्याला ठाऊक होतं. त्याला दिसत नाही, हे मात्र एकट्या जयवंताबाईला, त्याच्या बायकोला, ठाऊक होतं.

उजवा डोळा गेलेला लोकांना दिसायचाच. लढाईच्या दिवसांत सांडू औरंगाबादेच्या छावणीत लष्कराच्या फटफट्या दुरुस्त करायचा, तिथं बॅटरीचं तेजाब उडालं आणि डोळा दुधाळ झाला. पण डावा चांगला काळाभोर, पाणीदार. तो कधी विझला ते जयवंताबाईलाही नीट सांगता आलं नसतं. आधी त्याला सुईतला दोरा दिसेना, मग ताटातलं मीठ दिसेना, मग तीच दिसेना. पोलिस ॲक्शननंतर दोन-तीन वर्षांनी दोघं गपचूप औरंगाबादेला डॉक्टरकडे जाऊन आली. डॉक्टर म्हणाला, आतली नस वाळलीय, आता चष्म्याचा उपयोग नाही की ऑपरेशनचा. परतीच्या गाडीत बदनापूर आलं. तसा सांडू तिचं मनगट आवळून म्हणाला, "कुणाला कळलं तर दुकान संपलं बघ. आंधळ्याच्या हातात कोण गाडी देईल? आन् तुझ्या तोंडून गेलं, तर तुला जित्ती न्हाई ठेवणार."

हे त्याचं बायकोशी बोलणं. बाकीच्यांशी याहून बरं बोलायचा असं समजू नका.

दोघंही धावडा गावाकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. मेंढरं गेली, हा छावणीत गेला, आणि तिथून लोखंड शिकून आला. भोकरदनच्या रस्त्याला एका लिंबाखाली पत्र्याचं शेड टाकलं. निजामाच्या फौजेच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या होत्या, त्या ज्यानं त्यानं घेतल्या होत्या: सरकीवाले, ठेकेदार, एखादा वकील. इंजिन ठोकणारे गावात दुसरे दोघंतिघं होते. पण फटफटीची वीज बिघडली की सांडूशिवाय कुणाचं पान हलत नव्हतं.

आता आंधळा माणूस वीज कशी दुरुस्त करतो, असं तुम्ही विचाराल. सांगतो. फटफटीला एक डायनामो असतो. इंजिन फिरलं की तो फिरतो, वीज करतो आणि बॅटरी भरतो. तो भरीनासा झाला की आधी हॉर्न घोगरा होतो, मग दिवा पिवळा पडतो, मग मालक अंधारात चाचपडत घरी येतो. खोट कुठं आहे ते शोधायला सांडूला डोळे लागतच नव्हते. बॅटरीच्या दोन्ही तारा तो जिभेला लावायचा. जीभ चुरचुरली की बॅटरीत जीव किती ते त्याला कळायचं. डायनामोच्या दोन तारा सोडून, एकत्र पिळून, त्यांच्या आणि गाडीच्या सांगाड्याच्या मधे एक बल्ब धरायचा आणि ओरडायचा, "रेस दे!" बल्ब गालाजवळ नेला की तापला का नाही ते गाल सांगायचा. तापला तर डायनामो चांगला. नाही तापला तर आतला कोळशाचा ब्रश बोटानं चाचपायचा, झिजलाय का अडकलाय. मग कटआउटची डबी. डायनामो पुरेसा फिरला की त्या डबीत एक पाकळी 'टिक' करून चिकटते आणि वीज बॅटरीकडे जायला लागते. ती टिक सांडूला चालत्या इंजिनातही ऐकू यायची. पाळण्यातलं पोर कुठल्या कुशीवर वळलं ते आईला ऐकू येतं ना, तसं.

पण सगळं झालं तरी शेवटी काटा राहायचा. दिव्याच्या डोक्यावर घड्याळासारखी छोटी तबकडी असते, तिच्यात आकडे आणि काटा. काटा अधिकाकडे गेला तर बॅटरी भरतेय, उण्याकडे गेला तर रिती होतेय. हा मुलखाचा हरामी काटा काचेच्या आत बसलेला. त्याला चाटता येत नाही की ऐकता येत नाही. तिथं सांडू आपली जीभ कामाला लावायचा.

"मला काय विचारतोस काटा कुठंय? गाडी तुझी हाय का माझ्या बापाची? तूच बघ आन् मोठ्यानं सांग. डोळे हैत का आईनं बटणं लावून धाडलं?"

मालक बिचारा वाकून सांगायचा, "अधिकाकडं, तिनावर." मग सांडू म्हणायचा, "हां. आता आलं ध्यानात? पुढच्या बारीला इथं यायच्या आधी घरी बघत जा." लोक हसायचे. मिस्त्री शिव्या घालतो पण शिकवतो, म्हणायचे. शेटजी असो नाहीतर वकील, सगळ्यांना एकजात 'अरे तुरे'. त्याचा दराराच तसा बसला होता, आणि या दराऱ्याच्या आडोशाला तो सुखानं आंधळा होता.

जयवंताबाई शेडच्या तोंडाशी बसायची. लोक तिला बडबडी समजायचे. रस्त्यानं कुणी येताना दिसलं की ही गळा काढायची, "या बद्रीनाथभाऊ, आज चहाचं हाटेल सोडून हिकडं कुठं? अगोबाई, हातात काय, बॅटरी आणली काय?" तेवढ्यात सांडूला कळायचं कोण आलंय आणि काय घेऊन आलंय. पाने ओळीनं लावून ठेवणं तिचं, सांडलेला स्क्रू हळूच त्याच्या बोटांखाली सरकवणं तिचं. आणि एवढं करून बक्षीस काय? "टकळी बंद कर की! काम करून राह्यलो, दिसत न्हाई का?" हे चारचौघांत. ती पदर सावरून पुन्हा पाने लावायला लागायची. आपल्यावर तो जितका ओरडतो तितका तो डोळस वाटतो, हे तिनं मनाला समजावलं होतं. बाई माणूस मनाला काय काय समजावते, त्याला काही धरबंद नाही.

जगन्नाथ सरकीच्या धंद्यातला. भोकरदनपासून अंबडपर्यंत कापूस बघत हिंडायचा. तरणाबांड, अंगाला अत्तर, आणि खाली एक काळी लष्करी फटफटी. एका साली पोळ्याला याला काय लहर आली कोण जाणे. बैलांच्या शिंगांना रंग देत होते, तोच डबा घेऊन यानं गाडी रंगवून काढली. शेंदरी-लाल, चाकांपासून दिव्यापर्यंत. म्हणे, माझा बैल हाच. दुसऱ्या दिवसापासून बॅटरी भरेना.

गाडी घेऊन तो सांडूकडे आला तेव्हा बद्रीनाथच्या हॉटेलात त्याचे दोनतीन व्यापारी दोस्त चहा पीत होते. जयवंताबाईनं नेहमीसारखी हाळी घातली, "या जगन्नाथशेठ!" लाल रंगाबद्दल काही बोलावं हे तिला सुचलंच नाही. तिला तो दिसत होता, मग तो सांगायचा असतो हे त्या क्षणी ती विसरली.

सांडू पाना पुसत म्हणाला, "आणली का पुन्ना ती काळी म्हैस?"

दोस्त हसले. मिस्त्रीनं रंगाची टर उडवली असं त्यांना वाटलं. जगन्नाथही हसला, पण कसनुसा.

सांडूनं काम सुरू केलं. बल्ब तापला, म्हणजे डायनामो चांगला. पण डबीत टिक वाजेना. त्यानं डबीची सांगाड्याला जाणारी तार चाचपली, तिच्याखाली नख घातलं, नखाखाली आलेलं नाकाशी नेलं. आणि मग त्याचं तोंड जे सुटलं!

"आरं, हा तर पोळ्याचा रंग! बैल समजून रंगवलीस का काय गाडी? रंगाखाली तारंला लोखंडच लागंना, वीज जाईल कुठून? शिंगं सापडली न्हाईत म्हून नटाला फासला व्हय? आता एक काम कर. हिला झूल घाल, घुंगरं बांध, आन् पुरणपोळी चार!"

हॉटेलात चहा सांडेपर्यंत लोक हसले. दोस्तांनी "जगन्नाथशेठचा बैल" असं नावच पाडलं. पुढं ते बाजारात गेलं, बाजारातून त्याच्या सोयरिकीच्या घरी गेलं. सांडूनं रंग खरवडला, तार आवळली, टिक वाजली. जगन्नाथनं काटा वाचून दाखवला आणि मान खाली घालून निघून गेला.

जाता जाता त्याच्या मनात एक गोष्ट सलत राहिली असणार. समोर शेंदरासारखी लाल गाडी उभी, आणि माणूस म्हणतो काळी म्हैस. मग तोच माणूस रंग हुंगून ओळखतो. ज्याला दिसतं तो कशाला हुंगेल?

सांडूलाही ते कळलं होतं. गिऱ्हाईक गेल्यावर त्यानं बायकोला विचारलं, "कोनता रंग व्हता?"

"लाल. शेंदरी."

तिच्या गालावर फाडकन बसली. "सांगता येत न्हवतं? दिसभर टकळी चालती, आन् कामाच्या वक्ताला तोंडात काय मिठाची गुळणी धरलीस?"

दसऱ्याच्या आधीच्या बाजाराला जगन्नाथ पुन्हा आला. एकटा नव्हता. बद्रीनाथच्या हॉटेलासमोर माणसांचं हे कोंडाळं जमलेलं, आणि ती माणसं चहा पीत नव्हती, बोलत नव्हती, नुसती शेडकडे बघत उभी होती. रस्त्यावर बैलगाड्यांची खडखड, भाजीवाल्यांचा ओरडा.

जयवंताबाई म्हणाली, "या जगन्नाथशेठ. लाल गाडी आणली जणू."

"हो वहिनी," जगन्नाथ गोड आवाजात म्हणाला. "लालच आहे अजून."

आणि तेव्हा तिला ते दिसलं. दिव्याच्या डोक्यावर तबकडीच नव्हती. काच नाही, काटा नाही. तिच्या जागी गोल भोक, आणि आत दोन तारा एकमेकींना पिळून चिंधीनं बांधलेल्या. वीज जायला वाट होती, फक्त बघायला काही उरलं नव्हतं. तिनं वर पाहिलं तर जगन्नाथ तिच्याकडेच बघत होता, आणि हसत होता.

"काय झालं गाडीला?" सांडू म्हणाला.

"भरत नाही मिस्त्री. तुम्हीच बघा."

सांडू बसला. बॅटरी चाटली, बल्ब गालाला लावला, डायनामो उघडला. ब्रश अडकलाय हे त्याच्या बोटांना लगेच कळलं. जगन्नाथनंच घरी बसून त्यात काडीचं चिपाट कोंबलं होतं, ते सांडूनं उपटून भिरकावलं. हात कसे चालत होते त्याचे! इकडे जयवंताबाईचा जीव टांगणीला लागला होता. काय करावं? "अवो, तिथं काटाच न्हाई" म्हणावं तर तिनंच चव्हाट्यावर सांगितल्यासारखं होतं की माझ्या नवऱ्याला दिसत नाही. जवळ जाऊन कानात सांगावं तर पन्नास माणसांचे डोळे तिच्यावर लागलेले.

"अवो," ती म्हणाली, "आधी चहा घ्या ना."

"गप."

"आज ऱ्हाऊ द्या की हे. जांबला दर्शनाला जायचं म्हनलं व्हतं ना तुमी? मोटार निघून जाईल."

जांबचं काही ठरलेलं नव्हतं. एवढ्यानं तरी त्यानं ओळखायला हवं होतं. इतकी वर्षं जिच्या जिभेवर चालला, तिच्या आवाजातला काप त्याला कळायला हवा होता. डबीतली टिक ऐकणारा माणूस!

"गप बस म्हनलं ना!" सांडू खेकसला. "बायकांनी मधी तोंड घालायचं न्हाई. शेठ, किक मार. दिवा लाव. रेस दे."

"वहिनी, कशाला जीव जाळता?" जगन्नाथ म्हणाला. "मिस्त्री बघतेत की."

इंजिन धडधडलं. जगन्नाथनं रेस दिली तसा दिवा भर दुपारी लख्ख उजळला. जयवंताबाईनं पाहिलं, सगळ्यांनी पाहिलं. सांडूनं डबीला कान लावला, पण बाजाराच्या गलक्यात टिक वाजली का नाही ते त्याला उमजेना. तो कपाळाला आठ्या घालून उठला.

"काटा बघ. कुठंय?"

"अधिकाकडं आहे वाटतं," जगन्नाथ म्हणाला. "पण हालून राह्यलाय मिस्त्री. मला नीट कळेना. तीन म्हणावं का चार? एक डाव तुम्हीच बघा ना."

शिवी देऊन निसटण्याची वेळ होती. पण शिवी तरी काय देणार, माणूस रीतसर बघून सांगतो आहे, फक्त खात्री करून मागतो आहे. सांडू दिव्यावर वाकला. नाक जवळजवळ त्या भोकात. डावा पाणीदार डोळा बारीक केला, जुन्या जाणत्यासारखी मान तिरपी केली.

"तीन कशाचं," तो म्हणाला. "बराबर चारावर हाय. डोळे तपासून घे."

आधी कुणीतरी फिस्सकन हसलं. मग अख्खं कोंडाळं फुटलं. माणसं पोट धरून हसली, एकमेकांच्या पाठीवर थापा मारून हसली. बद्रीनाथ, ज्याचा चहा सांडू रोज प्यायचा, तो हॉटेलाच्या खांबाला धरून हसला. सांडूला काय झालं ते कळेना. त्याचा हात पुढं झाला, तबकडीवर ठेवायला, आणि बोट सरळ आत गेलं.

तो ते बोट बाहेर काढीना. तसाच उभा राहिला.

"पुरणपोळी कुणाला चारायची आता मिस्त्री?" जगन्नाथनं विचारलं. मग चिंधी तशीच आत सारली, खिशातून तबकडी काढून जागेवर बसवली, आणि दिवा तसाच लावलेला ठेवून निघून गेला.

शेडमधे आणखी गाड्या उभ्या होत्या. ज्यानं त्यानं येऊन ओढून नेल्या. एकजण तर ओशाळून जयवंताबाईला म्हणाला, "राग मानू नका वहिनी, पन आमचा जीव हाय त्या गाडीवर." ऊन कलायच्या आत शेड रिकामं झालं.

सांडू जमिनीवर बसला होता. "तुला दिसलं व्हतं?" त्यानं विचारलं.

"दिसलं व्हतं."

"मंग बोलली का न्हाईस?"

"कशी बोलू? समद्यांना कळलं असतं."

"आन् आता? आता न्हाई का कळलं? रांडे, तूच सामील व्हतीस त्यान्ला!"

"मी? अवो, मी तुमचे डोळे झाले इतकी वर्सं, आन् मी..."

त्यानं आवाजाच्या रोखानं पाना फेकला. आवाजावरचा त्याचा नेम कधी चुकायचा नाही. पाना तिच्या भुवईच्या वर बसला आणि रक्ताची धार डोळ्यात उतरली.

ती ओरडली नाही. का ओरडली नाही, ते तिलाही माहीत नव्हतं. पण त्या शांततेत तिनं पाहिलं की तिचा आवाज थांबताच सांडूचं तोंड भलत्याच दिशेला वळलं आहे.

"लागलं का?" तो म्हणाला. मग, "जयवंते?" मग हात पुढं करून त्यानं हवा चाचपली. ती एक पाऊल मागं सरली. त्याचा हात हवेतच फिरला आणि परत गेला. या माणसाला मी बोलते तेवढीच सापडते, हे तिला त्या दिवशी कळलं.

त्या दिवसापासून जयवंताबाई घरात बोलली नाही. रागानं पेटून वगैरे नाही. अगदी थंडपणे, एखादी वस्तू फळीवर उचलून ठेवावी तसं तिनं बोलणं ठेवून दिलं. हातातला चुडा वाजायचा, तो तिनं उतरवला. पायातली जोडवी फरशीवर टकटक करायची, तीही काढली. गल्लीतल्या बायांनी तोंडाला पदर लावला. नवरा जिवंत असताना मोकळे हात! द्वारकाबाई शेजारीण तर तोंडावर म्हणाली, "बाई, हा अपशकुन गं!" जयवंताबाई तिच्याशी नेहमीसारखं बोलली, पाऊसपाण्याचं बोलली, तिच्या सुनेची चौकशी केली. घराच्या उंबऱ्याच्या आत आली की मात्र मुकी. ताट वेळेवर त्याच्या पुढ्यात यायचं. पाण्याचा तांब्या यायचा. अंगावरचं धोतर धुऊन वाळून उशाशी असायचं. कुणी ठेवलं, कधी ठेवलं, ती आता खोलीत आहे का बाहेर गेली, काही पत्ता नाही.

सांडूनं आधी शिव्या घालून पाहिल्या. मग ताट भिरकावून पाहिलं. ते तिनं आवाज न करता उचललं, आणि त्या दिवशी दुसरं आलं नाही. मग तो रडला, तेही तिनं उभं राहून ऐकलं. शेड मोडलं, पत्रे विकले गेले. रस्त्यानं फटफटी गेली की तो अंथरुणात उठून बसायचा, कान टवकारून. जगन्नाथची गाडी त्याला आवाजावरून कळायची. ती रोज जायची.

संक्रांतीच्या सुमारास एका संध्याकाळी ती अशीच गेली, आणि सांडू बराच वेळ दाराकडे तोंड करून बसला.

"जयवंते," तो म्हणाला. आवाजात पूर्वीची धार काही राहिली नव्हती. "हैस का गं इथं? शिव्या न्हाई देत. येकच सांग. एवढंच सांग मला. त्या दिशी टिक काय ऐकू आली न्हाई. दिवा लागला व्हता का त्याचा? रेस दिल्यावर वाढला व्हता का उजेड?"

लागला होता. भर दुपारी डोळ्यांवर येईल असा लागला होता, आणि रेसबरोबर वाढला होता. सांडू मिस्त्रीच्या हातनं सुटलेली शेवटची गाडी बिलकुल दुरुस्त होऊन गेली होती. जालन्यात पन्नास माणसांनी ते पाहिलं होतं आणि त्यातल्या एकालाही ते लक्षात राहिलं नव्हतं. तिला होतं.

ती त्याच्यापासून हातभर अंतरावर, मोकळ्या हातांनी उभी होती. त्यानं मान वळवून वळवून वाट पाहिली, एकदा डावीकडे, एकदा चुलीकडे. मग तो भिंतीला टेकला, आणि ती पाण्याचा तांब्या त्याच्याजवळ ठेवून बाहेर ओट्यावर जाऊन बसली.